भिंतीला हात न लावता अजिंठा

दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला तह 30 डिसेंबर 1803 रोजी झाला तो आपल्या अंजनगाव सुर्जीला. त्यातल्या एका कलमानं अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख गेला. त्या डोंगरातली लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली 1819 मध्ये.

मग सुरू झाली तिथल्या भित्तिचित्रांच्या नकलांची धडपड. मेजर रॉबर्ट गिलनं 1844 पासून वर्षानुवर्षं तैलरंगात प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह 1872 ते 1885 तिथं खपले. त्यांच्याही कित्येक प्रती पुढे लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. याहून मोठं नुकसान खुद्द चित्रांचं झालं. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावलं गेलं आणि ते पिवळं पडलं.

आज नक्कल करायला भिंतीला हात लावावा लागत नाही. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी याच चित्रांचं डिजिटल पुनरुज्जीवन हाती घेतलं आहे.

पण चांगला फोटो म्हणजे चांगली प्रत नव्हे. खरी कसोटी छपाईत लागते. कलाकृतींसाठीचा इंकजेट प्रिंटर नेहमीच्या चार शायांवर थांबत नाही. फिकट निळी, फिकट गुलाबी, करड्या छटा, कधी नारिंगी-हिरवी धरून आठ ते बारा शाया असतात. शाईचा थेंब काही पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. म्हणूनच अजिंठ्याच्या चित्रातल्या पद्मपाणीच्या गालावरची छटा ठिपके न दिसता उतरते.

टिकाऊपणा ठरतो तो शाई आणि कागदावर. अमेरिकेत 1991 च्या सुमारास ‘जिक्ले’ नावानं ही छपाई सुरू झाली, तेव्हाच्या शाया काही वर्षांत विटत. त्या विरघळणाऱ्या रंगाच्या होत्या आणि प्रकाशानं त्यांचे रेणू तुटत. आताच्या शाईत रंगद्रव्याचे घन कण असतात, ते प्रकाशाला जास्त काळ तोंड देतात. कागद आम्लमुक्त, निव्वळ कापसाचा असला की लवकर पिवळा पडत नाही.

एक अडचण मात्र उरते. अजिंठ्यातला काही निळा रंग लाजवर्द दगडाचा आहे. शाईनं जुळवलेला निळा एका उजेडात हुबेहूब वाटतो, दुसऱ्या उजेडात वेगळा. त्यामुळे प्रत कुठल्या उजेडात लावायची, हे छापण्याआधीच ठरवावं लागतं.

कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडातल्या शाळा-वाचनालयांनी अशी एक तरी प्रत भिंतीवर लावावी. घेताना शाई रंगद्रव्याची आणि कागद कापसाचा आहे ना, हे मात्र विचारून घ्यावं.