चाकांची खुर्ची : निवड आणि वापर

“अंथरूण पाहून पाय पसरावे” अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. काटकसरीच्या बाबतींत ती खरी असेल. परंतु ज्याचे पाय चालत नाहींत त्याच्यासाठीं चाकांची खुर्ची घ्यावयाची असतां ती म्हण उलटी करून वाचावी लागते. तेथें आधीं पाय पाहावे, कंबर पाहावी, पाठ पाहावी, आणि मग त्या मापाचें आसन शोधावें. एवढी साधी गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें चांगल्या हेतूचें कसें मातेरें होतें, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें.

आमच्या शेजारीं एक बारा वर्षांचा मुलगा राहतो. झाडावरून पडून त्याच्या पाठीच्या कण्यास इजा झाली आणि कमरेखालील शरीर लुळें पडलें. पुढें एका समारंभांत त्यास एक नवी कोरी खुर्ची देणगी म्हणून मिळाली. हारतुरे झाले, भाषणें झालीं, छायाचित्रेंही निघालीं. खुर्ची मात्र मोठ्या माणसाच्या मापाची होती. तिची बैठक १८ इंच रुंद. मुलाची कंबर अवघी १२ इंच. तो तींत एका अंगास कलंडून बसे. पाय अधांतरीं लोंबकळत. चाकांपर्यंत हात नीट पोंचत नसत. आणि न्हाणीघराच्या दारांतून ती आंत जात नसे. बैठकीवर उशी नव्हती. तीन महिन्यांत त्याच्या बैठकीच्या हाडावर व्रण पडला, आणि तो भरून येईपर्यंत त्या पोरास चार महिने पालथें निजून काढावे लागले. खुर्ची घडी होऊन माळ्यावर गेली. देणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. त्यांनीं सर्व कांहीं विचारलें होतें. फक्त मुलाचें माप विचारलें नव्हतें.

वस्तुतः या खुर्चीचा इतिहासच आपणांस निराळें शिकवितो. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं श्टेफान फार्फ्लर नांवाचा एक घड्याळजी होऊन गेला. त्याचे पाय निकामी होते. १६५५ सालीं त्यानें हातानें दांडा फिरवून चालणारी तीन चाकांची खुर्ची स्वतःच घडविली. पुढें अमेरिकेंत हर्बर्ट एव्हरेस्ट या खाणकामाच्या अभियंत्यास अपघातांत कण्यास इजा झाली. त्या काळच्या खुर्च्या जड व अवजड. मोटारींत घालून नेणें कठीण. तेव्हां त्यानें आपला अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज याच्या साह्यानें १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, कात्रीप्रमाणें मिटणारी खुर्ची तयार केली. आज रुग्णालयांत आणि रेल्वेच्या फलाटावर आपण जी घडीची खुर्ची पाहतों, ती याच वंशांतील होय. हे दोघेही स्वतः खुर्चीवर बसणारे होते. बसणारास काय हवें, हें प्रथम त्यासच विचारलें पाहिजे, याचें याहून चांगलें प्रमाण कोणतें?

आतां मापांकडे वळूं. शिंपी कापड फाडण्यापूर्वीं अंगाचें माप घेतो, त्याचप्रमाणें येथेंही करावें. बसणारास कठीण, सपाट बाकावर ताठ बसवावें. पहिलें माप रुंदीचें : कमरेचा अगर मांड्यांचा जो भाग सर्वांत रुंद, तितकीच बैठक असावी, फार तर एक इंच अधिक. दुसरें खोलीचें : पाठीमागील टोंकापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत मोजून त्यांतून सुमारें २ इंच वजा करावे. बैठक याहून खोल असेल तर मनुष्य पुढें घसरतो व पाठीचें धनुष्य होतें; उथळ असेल तर सारा भार थोड्याशा जागेवर येतो. तिसरें पायांचें : पाय ठेवण्याच्या पाट्या अशा उंचीवर असाव्या कीं मांड्या बैठकीवर सपाट टेकतील, आणि पाट्यांखालीं जमिनीपासून निदान २ इंच जागा मोकळी राहील. चौथें पाठीचें : ज्याचें धड बळकट आहे त्यास खांद्याच्या फऱ्यांच्या खालपर्यंत पाठ पुरे, म्हणजे हात मोकळे राहतात, ज्यास तोल राखतां येत नाहीं त्यास ती उंच लागते. शेवटीं, हात चाकाच्या माथ्यावर ठेविला असतां कोंपर काटकोनांत, किंवा त्याहून किंचित् उघडें राहावें. तसें नसेल तर खांदे लौकर दुखूं लागतात. आणि ज्याचे पाय गेले त्यानें खांदेही गमवावे, याहून मोठें दुर्दैव नाहीं.

मापाइतकेंच महत्त्व उशीचें आहे. आपण वर्गांत तासभर बसतों, तेव्हां नकळत दहा वेळां कूस बदलतों. कारण अंग आपणांस तशी सूचना देतें. ज्याची संवेदनाच नाहीशी झाली त्यास ही सूचना मिळत नाहीं. बैठकीच्या हाडांखालील कातडी दाबली जाते, तेथील रक्तप्रवाह थांबतो, आणि मांस कुजूं लागतें. हा व्रण वरून रुपयाएवढा दिसला तरी आंत खोल असूं शकतो, आणि त्याची हयगय झाल्यास तो प्राणावर बेततो. म्हणून उशी ही शोभेची वस्तु नव्हे. ती खुर्चीचें अंगच होय. शिवाय पाव-अर्ध्या तासानें एक-दोन मिनिटें पुढें वांकून किंवा एका बाजूस कलून भार हलका करावा, आणि रोज रात्रीं आरशाच्या साह्यानें कातडी तपासावी. तांबडा डाग दिसला व तो लवकर गेला नाहीं, तर त्या जागेवर बसणें तत्काळ बंद करून वैद्यास दाखवावें.

खुर्ची कोठें चालावयाची आहे, याचाही विचार हवा. गुळगुळीत फरशीवर लहान पुढचीं चाकें ठीक. खडीच्या रस्त्यावर तीं रुतून बसतात, तेथें मोठीं व रुंद चाकें बरीं. हवेचे टायर धक्के सोसतात, पण पंक्चर होतात. भरीव टायर पंक्चर होत नाहींत, पण हाडें खिळखिळीं करितात. खेड्यांत लांबचा पल्ला असल्यास हातानें चालविण्याची तीनचाकी सायकल सोयीची; परंतु ती घरांत शिरत नाहीं. विजेवर चालणारी खुर्ची ज्याचे हातही दुबळे आहेत त्यास वरदान. पण ती जड असते, दोघां-चौघांस उचलून पायऱ्या चढवितां येत नाहीं. मूल वाढतें, म्हणून त्याचें माप दरवर्षीं नव्यानें घ्यावें.

ज्यास थोडें चालतां येतें त्यास काठी वा कुबड्या लागतात. त्यांसही माप आहेच. हात सरळ खालीं सोडिला असतां मनगट येतें तेथपर्यंत काठी असावी, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत धरावी. पुष्कळ लोक नेमकें उलट करितात. कुबडी काखेंत घट्ट रुतूं नये. काख व कुबडी यांमध्यें दोन-तीन बोटें अंतर राहावें, आणि भार तळहातांवर घ्यावा. नाहीं तर काखेंतील नसा दबून हात बधिर होतात. दोहोंच्या टोंकाचें रबर झिजलें कीं बदलावें.

विद्यार्थी मित्रहो, खुर्ची ढकलण्याची वेळ आपणांपैकीं कोणावरही येईल, म्हणून हे थोडे नियम ध्यानांत ठेवावे. बसतांना व उठतांना दोन्ही ब्रेक लावलेले असावे आणि पायांच्या पाट्या वर दुमडलेल्या असाव्या. पाटीवर उभें राहिल्यास खुर्ची पुढें उलटते. ब्रेक हे खुर्ची स्थिर ठेवण्यासाठीं आहेत, वेग कमी करण्यासाठीं नव्हेत. पायरी चढावयाची तर खुर्ची मागें कलती करून पुढचीं चाकें प्रथम वर घ्यावीं. उतरावयाची तर पाठमोरें होऊन मोठीं चाकें प्रथम खालीं सोडावीं. तीव्र उतारावरही पाठमोरेंच उतरावें. खुर्चीच्या पाठीस जड दप्तरें टांगूं नयेत. तिचा तोल मागें जातो. आठवड्यांतून एकदां टायर अंगठ्यानें दाबून पाहावा, आणि पुढच्या चाकांच्या आंसांत गुंतलेले केस व दोरे काढावे. आणि सर्वांत मोठा नियम हा कीं, विचारल्यावांचून खुर्चीस हात लावूं नये. ती त्या माणसाचे पाय आहेत. परक्याचे पाय कोणी न विचारतां ओढतो काय?

योग्य साधन मिळाल्यास मनुष्य काय करूं शकतो, याचें एक उदाहरण आपल्याच देशांत आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील डॉ. मेरी व्हर्गीस यांस १९५४ सालीं मोटार-अपघातांत कण्यास इजा झाली. त्यांचे पाय कायमचे गेले. परंतु पुढें खुर्चीवर बसूनच त्यांनीं महारोग्यांच्या वांकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. न्यूयॉर्क येथें जाऊन त्यांनीं पुनर्वसनशास्त्राचा अभ्यास केला, आणि वेल्लोरास १९६६ सालीं अपंगांच्या पुनर्वसनाची जी संस्था उघडली तिच्या त्या अध्वर्यु होत्या. १९७२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या पायांपेक्षां त्यांच्या हातांकडे पाहणारे सहकारी त्यांस लाभले, हेंही विसरतां कामा नये.

आमच्या शेजारच्या मुलाची गोष्ट मात्र अजून संपली नाहीं. त्याच्या आईनें त्यास एका मोठ्या रुग्णालयांत नेलें. तेथें माप घेऊन बेताच्या रुंदीची, उशी असलेली दुसरी खुर्ची मिळाली. आतां तो स्वतःच चाकें फिरवीत शाळेच्या फाटकापर्यंत येतो. तेथें त्याची गति खुंटते. कारण पुढें सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या आहेत. रोज दोघे-तिघे मित्र त्यास उचलून वर नेतात. तो हंसून आभार मानतो, परंतु एकदां तो आम्हांस म्हणाला, “मला रोज आभार मानायचे नाहीं हो.” त्या वाक्यानें आम्हीं निरुत्तर झालों.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें मान्यताप्राप्त शाळांची इमारत सर्वांस सुगम असावी असें सांगितलें आहे. उताराचा नियम सोपा आहे : १ फूट चढास १२ फूट लांबी. म्हणजे आमच्या चार पायऱ्यांस २४ फुटांचा उतार पुरे.

शुभवर्तमानांतील पक्षघाती मनुष्याची कथा आपण उपासनेच्या वेळीं ऐकतों. दारांत गर्दी होती, म्हणून त्याच्या चौघां वाहकांनीं छप्पर उघडून त्यास प्रभूपुढें खालीं सोडलें. वाट नाहीं म्हणून ते परत फिरले नाहींत. त्यांना छप्पर काढावें लागलें. आपणांस तर केवळ २४ फूट उतार बांधावयाचा आहे. पुढील वार्षिक अंक निघेल तेव्हां तो बांधून झालेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.