सावलीचे छापकाम

संपादकांनी विचारले होते: कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या डार्करूममध्ये करायच्या चित्रांना जुन्नर-आंबेगावात काही वाव आहे का? उत्तर शोधताना माझे टेबल मंचरच्या कांद्याची टरफले, भाताच्या लोंब्या, कारवीची पाने आणि वाळलेला बाळहिरडा यांनी भरून गेले.

अशा चित्राला फोटोग्राम म्हणतात. प्रकाशाला जागणाऱ्या कागदावर वस्तू ठेवायची आणि क्षणभर उजेड पाडायचा. झाकलेली जागा पांढरी राहते, उघडी काळी पडते. हेन्री फॉक्स टॉलबटने १८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये पाने आणि लेस ठेवून असे ठसे घेतले. १८४२मध्ये जॉन हर्शेलने लोखंडाच्या क्षारांवर चालणारी निळी छपाई, म्हणजे सायनोटाइप, शोधली. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने त्या पद्धतीने समुद्री शेवाळांचे पुस्तक छापायला घेतले. १९२०च्या दशकात मॅन रे आणि मोहोली-नॉज यांनी हीच करामत चित्रकलेच्या पंगतीला बसवली.

इतिहास एवढा पुरे. मला खिळवून ठेवले ते पान आणि कागद यांच्यातल्या अंतराने.

कारवीचे पान खरखरीत, शिरा वर आलेल्या. काच ठेवून दाबले तर त्याचा दातेरी काठ सुरीने कापल्यासारखा उमटतो. काच काढली की पान थोडे वळते, टोक कागदापासून उचलले जाते आणि तेवढ्याच भागाची कड करड्या छटेत विरघळते. एनलार्जरच्या भिंगाचे छिद्र लहान केले की उजेडाचा उगम लहान होतो आणि उचललेली कडही सावरते. साध्या मोठ्या बल्बखाली तीच कड आणखी धुरकट होते. सपाट कागदावर खोली आणायची ती या दोन दोऱ्या ओढून: वस्तू किती वर आणि दिवा किती मोठा.

हे हाती आले की बाकीच्या कल्पना आपोआप सुचतात. कांद्याचे टरफल उजेड पूर्ण अडवत नाही, त्यामुळे त्याच्या उभ्या रेषा करड्या छटांच्या पायऱ्यांनी येतात. भाताच्या मूठभर लोंब्या पसरून दोन सेकंद उजेड द्यावा, काही उचलाव्यात, पुन्हा दोन सेकंद द्यावा. उचललेल्या मागे जातात, राहिलेल्या पुढे येतात. काचेवर पावसाचे थेंब घेतले तर प्रत्येक थेंब स्वतःच भिंग होतो, उजेड मध्ये गोळा करतो आणि पांढऱ्या कड्यात काळा ठिपका पाडतो. नारायणगाव तमाशाचे गाव. तिथल्या पायातले चाळ कागदावर ठेवून प्रत्येक उजेडाआधी बोटभर सरकवले, तर घुंगरांचा ठेका डोळ्यांना दिसू लागतो.

हिरड्याचे काम वेगळे. पश्चिम पट्ट्यातली आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून उन्हात वाळवतात, त्यावर घरात चार पैसे येतात. त्यात टॅनिन भरपूर असते. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग होतो, हे रंगाऱ्यांना पूर्वापार ठाऊक. सायनोटाइपचा निळा रंगही लोखंडाचाच. तो धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात फिका पाडून हिरड्याच्या काढ्यात बुडवला की तपकिरी-काळा होतो. जुन्नर एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. त्या गावाजवळच्या रानातला हिरडा पुन्हा कागदावर चढतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता अडचणी, आणि त्या थोड्या नाहीत. गावोगावचे स्टुडिओ ज्या ‘इंदू’ ब्रोमाइड कागदावर चालले, तो बनवणारा उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडला. परदेशी कागद महाग, त्यामुळे चुकत शिकण्याची चैन परवडत नाही. डेव्हलपर २० अंशांना नीट वागतो. एप्रिलात टाकीचे पाणीच त्याच्या कितीतरी वर असते, म्हणून ट्रेखाली बर्फ लागतो. जाड कागद तासभर धुवायचा, आणि ज्या डोंगरपट्टीत पाऊस धो धो कोसळतो तिथेच उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते. चित्र पक्के करणाऱ्या हायपोच्या वापरलेल्या पाण्यात चांदी उतरलेली असते. ते मीना किंवा घोड नदीत ओतणे हा गुन्हाच मानावा. लोखंडी तारेच्या चोथ्यातून मुरवून चांदी आधी काढून घ्यायला हवी.

त्याहून अवघड प्रश्न पानाचा. भीमाशंकर अभयारण्यात पान तोडता येत नाही, आणि आहुप्याच्या देवराईला कायद्याच्या आधीपासून देवाचा धाक राखतो. गळलेले तेवढेच घ्यावे. पानाशिवाय ठसा घेण्याचा एक मार्ग इंग्लंडच्या सुझन डर्जेसच्या कामात दिसतो. रात्री डेव्हनमधल्या टॉ नदीत कागद बुडवून फ्लॅशच्या एका झोताने तिने वाहत्या पाण्याचेच ठसे घेतले. कुकडीकाठी हे करावेसे वाटते खरे, पण दोन्ही काठांना ऊस आहे आणि उसात बिबट्या. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र ज्या तालुक्यात उभारावे लागले, तिथे रात्री एकट्याने पाण्यात वाकून बसा असे मी कुणाला सांगणार नाही.

सायनोटाइपला अंधारी खोली लागत नाही, पण ऊन लागते, तेही काही मिनिटे. रानात पाने भरघोस असतात ती पावसाळ्यात, आणि तेव्हा ऊन नसते. शिवाय थेंब किंवा घुंगरू तेवढा वेळ थांबत नाहीत.

म्हणून इथल्या एखाद्या शाळेने सुरुवात करायची तर माझा सल्ला असा: पावसाळ्यात गळलेली पाने वहीत दाबून ठेवावीत, हिवाळ्याच्या उन्हात निळ्या छपाईवर हात बसवावा, रंगासाठी हिरडा मुलांच्या घरूनच रास्त दाम देऊन घ्यावा. ब्रोमाइड कागदाचे एकच पाकीट आणावे आणि ते उन्हाला न सापडणाऱ्या गोष्टींसाठी राखावे. एवढा खर्च कुठल्याही शाळेच्या आवाक्यातला आहे, आणि झाडांची नावे त्या मुलांना शिक्षकांहून जास्त ठाऊक असतात.