कॉफीचे धुवण आणि नदीचा श्वास

निसर्गातून आलेली वस्तू निसर्गास अपाय करीत नाही, असा समज आपण शिक्षकच पुष्कळदा नकळत रूढ करतो. कारखान्याचे सांडपाणी तेवढे घातक, मळ्याचे निरुपद्रवी! हा समज किती फसवा आहे, हे कॉफीच्या धुवणावरून कळते. आम्ही बेळगावकर जी कॉफी पितो, ती बहुधा आमच्याच राज्यातील कोडगू-चिकमगळूरकडची असते. तेव्हा हा विषय आम्हांस परका नाही.

कॉफीचे बी तांबड्या फळात असते. ओल्या पद्धतीत फळाची साल यंत्राने काढतात, बियांस चिकटलेला बुळबुळीत गर आंबवून सैल करतात आणि पाण्याने धुऊन टाकतात. या धुवणात जहाल विष नसते. असते ती मुख्यतः साखर, पेक्टिन आणि आंबण्यातून उपजलेली आम्ले. मग नदीचे बिघडते काय?

साखर ही सूक्ष्म जंतूंना मेजवानीच होय. ती पचविताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरात तो सुमारे 8 मिलिग्रॅम असतो. धुवणाची भूक मात्र लिटरमागे हजारो मिलिग्रॅमची. ती 4000 धरली, तरी एक लिटर धुवण 500 लिटर पाण्याचा प्राणवायू गिळू शकते. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यास आपल्या देशात सर्वसाधारण मर्यादा आहे ती 30 मिलिग्रॅमची! प्राणवायू सरला की दगडांखालच्या नाजूक अळ्या मरतात, मासे गुदमरतात, पाणी काळवंडून त्यास दुर्गंधी सुटते.

वाहत्या पाण्यात हवेतून प्राणवायू पुन्हा मिसळतो, हे खरे. परंतु कॉफीची तोडणी बहुतांशी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते. तेव्हा पाऊस सरलेला व ओढे रोडावलेले असतात. नदी दुर्बळ असतानाच तिच्यावर हा भार पडतो. शिवाय कोडगू हे कावेरीचे उगमस्थान. तेथे बिघडलेले पाणी खालच्या गावांकडेच वाहणार.

उपाय आहेत. तेच पाणी पुन्हा वापरून धुवण कमी करावे, चुन्याने आम्लता घालवावी, बंद टाकीत कुजवून त्यापासून जळाऊ वायू मिळवावा. अथवा फळे उन्हात सबंध वाळवावीत. परंतु धुतलेल्या कॉफीस भाव अधिक, आणि शुद्धीकरणास खर्च येतो. तो मळ्याने केला नाही, तर नदीकाठच्या कोळ्यास आणि पाणी भरणाऱ्या बाईस सोसावा लागतो. वर्गात प्रदूषण शिकविताना विद्यार्थ्यांस हा हिशेबही मांडावयास लावावा, असे आम्हांस वाटते.