निरंक

जिंतूरहून जालन्याकडे जाताना चारठाणा मागे पडले, की थोड्या वेळाने देवगाव फाटा येतो. सेलूचा रस्ता इथेच फुटतो. फाटा म्हटला की चार हॉटेले, पानटपऱ्या आणि गाडीची वाट पाहणारी माणसे आलीच. नोकरीच्या काळात या फाट्यावर मी किती तास ताटकळलो असेन, त्याचा हिशेब नाही. परवा एका लग्नाहून परतताना तिथे चहाला थांबलो, तर शेजारच्या बाकावर एक गुरुजी मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले. समोरचा चहा निवत चालला होता.

“गुरुजी, आधी चहा घ्या,” मी म्हणालो.

“घेतो साहेब, पण एवढी माहिती पाचच्या आत पाठवायची आहे.”

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या कानावर असे वाक्य पडले, की जुना दमा उसळावा तसे होते. मी बाक सरकवून जवळ बसलो. बोलता बोलता विषय करोनाच्या दिवसांवर गेला.

मार्च २०२० च्या मध्याला महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून सगळा देशच बंद झाला. पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे त्या वर्षीचे घोषवाक्य. शिक्षण कुठे किती सुरू होते, ते ज्याचे त्याला ठाऊक. टपाल मात्र एक दिवसही बंद नव्हते. किती पालकांकडे साधा फोन, किती जणांकडे स्मार्टफोन, किती घरांत टीव्ही, कुणाकडे यातले काहीच नाही. दीक्षा ॲप किती जणांनी घेतले, आज अभ्यास किती जणांनी पाहिला. तीच माहिती केंद्रप्रमुखांकडे, तीच गटाला, तीच पुन्हा निराळ्या नमुन्यात. त्यात कुणाची नेमणूक तपासणी नाक्यावर, कुणाची विलगीकरण कक्षात. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा आमचे हे गुरुजी घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरत होते.

“पण एक सांगतो साहेब, तांदळाचा हिशेब मला कधी जड गेला नाही,” ते म्हणाले.

शाळेत शिजणारा पोषण आहार बंद झाला, तेव्हा कोरडा शिधा मुलांच्या घरी द्यायचा होता. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. पंचवीस दिवस धरले तर एकाचे अडीच किलो, दुसऱ्याचे पावणेचार. शिवाय डाळ-कडधान्य. रोजगार बुडालेल्या घरात त्या पिशवीला किंमत होती. तो कागद चुकला असता, तर एखाद्या लेकराचे ताट चुकले असते. म्हणून तो त्यांनी रात्री जागून बिनचूक लिहिला.

मग ते थोडे थांबले. “एक कागद मात्र चुकला. सातवीत एक मुलगी होती. हुशार नव्हे, पण रोज येणारी. ऑक्टोबरात शाळाबाह्य विद्यार्थ्यांची माहिती मागितली, दोन तासांत. मी सकाळपासून ताप मोजत फिरत होतो. आधीच्या तक्त्यात निरंक होतं, तेच पुढं ओढलं. जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, तेव्हा ती आली नाही. चौकशी केली, तर मामाच्या गावाला तिचं लग्न लावून दिलं होतं, दसऱ्याच्या आधीच. माझ्या कागदावर ती शाळेत होती.”

यावर मी काय बोलणार? मला माझे आठवले. १९८९ मध्ये बँकांत सेवाक्षेत्र योजना आली. प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा ते पंचवीस गावे वाटून दिली आणि गावागावांची पाहणी करून आराखडे करायचे ठरले. कल्पना उत्तम होती. पण शाखेत माणसे तीन, वसुलीचा महिना आणि वरून रोज फोन. अखेर काही गावांच्या म्हशी मी टेबलावर बसूनच मोजल्या. जुना आकडा घेतला आणि त्यात पाच टक्के मिळवले. वर त्याची बेरीज झाली, आणखी वर त्या बेरजेची बेरीज झाली. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. पण माझे पहिले कल्पित लेखन बँकेच्या छापील तक्त्यावरच आहे, हे आज कबूल करतो.

कायद्याचे म्हणाल, तर १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. करोना ही आपत्तीच होती. तेव्हा ताप मोजायला शिक्षक नेमणे बेकायदा नव्हते, आणि माझ्या मते गैरही नव्हते. गावात दार उघडले जाते ते गुरुजींनाच. चूक झाली ती वेगळीच. नवे ओझे देताना जुने उतरवून ठेवायला हवे, हे फारसे कुणाला सुचले नाही.

काही देशांत ते सुचले. अमेरिकेने २० मार्च २०२० रोजीच राज्यांना त्या वर्षीच्या प्रमाणित चाचण्यांतून आणि त्यांवर आधारलेल्या अहवालांतून सूट देऊ केली. इंग्लंडने शाळांची नेहमीची तपासणी थांबवली आणि त्या वर्षी शाळांच्या निकालांचे तुलनात्मक तक्ते काढले नाहीत. पण याची दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये अमेरिकेने चाचण्या, थोड्या सवलती देऊन, पुन्हा घ्यायला लावल्या. मोजलेच नाही, तर कोणते मूल मागे पडले हे कळणार कसे? आणि मागे पडते ते बहुधा गरिबाचेच. म्हणजे ‘सगळे कागद बंद करा’ हेही उत्तर नव्हे.

आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली. चांगले झाले. पण काम कोणत्या रकान्यात घातले, एवढ्याने भागत नाही. पुन्हा अशी साथ आली, तर मला तीन गोष्टी हव्याशा वाटतात. एकदा दिलेली माहिती दुसऱ्या कार्यालयाने पहिल्याकडून घ्यावी, शाळेकडून नव्हे. ज्या कागदाने मुलाच्या ताटात, वहीत किंवा हजेरीत काही फरक पडत नाही, तो साथ सरेपर्यंत मागू नये. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: तक्त्यात ‘निरंक’ शेजारी ‘अद्याप माहीत नाही’ असेही लिहिण्याची मुभा असावी, आणि ते लिहिणाऱ्याला नोटीस येऊ नये. निरंक म्हणजे शोधले आणि कुणी सापडले नाही. माहीत नाही म्हणजे अजून शोधायचे आहे. या दोहोंमधल्या फटीत ती मुलगी हरवली. त्या दिवशी गुरुजींना ‘माहीत नाही’ लिहिता आले असते, तर निदान दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या दारात गेले असते. लग्न टळले असतेच असे नाही. पण टळण्याचा संभव तरी राहिला असता.

तेवढ्यात सेलूची गाडी आली. गुरुजींनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि मोबाइल खिशात टाकला.

“झाली का माहिती पाठवून?” मी विचारले.

“नाही. शाळाबाह्यचा रकाना राहिलाय. दोन मुलं आठवड्यापासून आली नाहीत. घरी जाऊन येतो, मग भरतो.”

“आणि पाच वाजता?”

“फोन येईल. येऊ द्या,” म्हणत ते गाडीत चढले.