रुपुनुनी : नकाशावरील रिकाम्या जागेतील जग

दक्षिण अमेरिकेच्या नकाशात ब्राझीलच्या माथ्यावर, व्हेनेझुएला आणि सुरिनाम यांच्या मध्ये गयाना नावाचा एक देश आहे. क्लाइव्ह लॉइड, रोहन कन्हाय आणि शिवनारायण चंद्रपॉल यांची ही जन्मभूमी असल्याने आपल्याकडील क्रिकेटरसिकांना हे नाव अपरिचित नाही. मात्र या खेळाडूंचा गयाना म्हणजे अटलांटिक महासागराला लागून असलेली सखल, अरुंद किनारपट्टी. ऊस आणि भात पिकवणाऱ्या या पट्टीत देशाच्या सुमारे आठ लाख लोकसंख्येपैकी बहुतांश लोक दाटीने राहतात. त्यांच्या पाठीमागे शेकडो किलोमीटर अरण्य आहे, आणि अरण्य संपल्यावर ब्राझीलच्या सीमेपर्यंत गवताळ माळ पसरला आहे. त्या माळाचे नाव रुपुनुनी.

रुपुनुनीचा समावेश गयानाच्या नवव्या प्रशासकीय विभागात होतो. या विभागाचे क्षेत्रफळ 57,750 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पुणे, नाशिक, अहिल्यानगर आणि सातारा हे चार जिल्हे एकत्र केले तर जवळजवळ तेवढे. 2012 च्या जनगणनेत या साऱ्या विस्तारात 24,238 माणसे आढळली. महाराष्ट्रात 2011 साली दर चौरस किलोमीटरला 365 माणसे राहत होती. रुपुनुनीत एका माणसाच्या वाट्याला दोन चौरस किलोमीटरहून अधिक भूमी येते. साहजिकच नकाशा काढणाऱ्यांनी हा भाग दीर्घकाळ रिकामा सोडला. ज्यांना ही रिकामी जागा पाहवली नाही, त्यांनी ती कल्पनेने भरली.

सोन्याचे सरोवर

1595 मध्ये सर वॉल्टर रॅले हा इंग्रज दरबारी ‘एल डोराडो’ या सुवर्णनगरीच्या शोधात गयानाच्या किनाऱ्याकडे आला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्याने अंतर्भागात एक विशाल सरोवर असल्याची वार्ता नेली. ‘परिमे’ नावाचे हे सरोवर आणि त्याच्या काठची सुवर्णनगरी युरोपातील नकाशांवर पुढे दोन शतके छापली जात राहिली. रॅले 1617 मध्ये पुन्हा आला, रिकाम्या हाताने परतला आणि 1618 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

सरोवराची कथा मात्र सर्वस्वी निराधार नव्हती. मे ते ऑगस्ट या काळात रुपुनुनीवर मुसळधार पाऊस पडतो. नद्या काठ सोडतात आणि मैलोगणती माळ पाण्याखाली जातो. रुपुनुनी नदी एसेक्विबोला मिळून अटलांटिककडे जाते. जवळच वाहणारी तकुतु नदी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील आहे. पावसाळ्यात या दोन खोऱ्यांमधील सखल भूमी बुडते आणि दोहोंचे पाणी व मासे एकमेकांत मिसळतात. हे तात्पुरते जलमय माळच दंतकथेतील सरोवर असावे, असा तर्क एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी मांडला. 1830 च्या दशकात रॉबर्ट शॉम्बुर्क यांनी या भागात प्रत्यक्ष प्रवास केल्यानंतर तो सर्वमान्य झाला आणि सरोवर नकाशावरून पुसले गेले.

सोन्याच्या मागे न लागलेला एक प्रवासीही येथे येऊन गेला होता. चार्ल्स वॉटर्टन हा निसर्गअभ्यासक 1812 मध्ये अनवाणी पायांनी अरण्य तुडवत मकुशी लोकांच्या प्रदेशात पोहोचला. त्याला हवे होते मकुशींचे ‘कुरारे’ हे विष. एका विशिष्ट वेलीच्या सालीपासून बनवलेले हे विष बाणाच्या टोकाला लावले की प्राण्याचे स्नायू शिथिल होतात आणि श्वास थांबतो. वॉटर्टनने नेलेल्या कुरारेचा प्रयोग लंडनमध्ये एका गाढविणीवर झाला. आज तो प्रयोग वाचतानाही मन अस्वस्थ होते. भात्याने कृत्रिम श्वास देत राहिल्यामुळे ती गाढवीण वाचली आणि पुढे अनेक वर्षे जगली. विषाचा अंमल ओसरेपर्यंत श्वास चालू ठेवता आला, तर प्राण वाचतो, हे त्यातून कळले. 1942 मध्ये कॅनडातील माँट्रिअल येथे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी कुरारेचा अर्क वापरला गेला आणि भूलशास्त्राला नवी दिशा मिळाली. सुवर्णनगरी शोधणाऱ्यांना जे दिसले नाही ते असे माणसांच्या ज्ञानाच्या रूपाने तेथे होते.

तांबड्या मातीची वाट

आजचा प्रवासी राजधानी जॉर्जटाउनहून निघतो. छोट्या विमानाने लेथम या सीमेवरील गावी सव्वा तासाच्या आसपास पोहोचता येते. रस्त्याने अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर आहे. लिंडनपर्यंत डांबरी सडक, आणि त्यापुढे बहुतांश अरण्यातून कापत गेलेली तांबड्या मातीची वाट. कोरड्या दिवसांत प्रवाशाचे कपडे, सामान आणि पापण्याही धुळीने रंगतात. पावसाळ्यात हीच वाट चिखलाची होते आणि एका रात्रीचा प्रवास कधी दोन-तीन दिवसांवर जातो.

वाटेत कुरुपुकारी येथे एसेक्विबो नदी आडवी येते. येथे वाहने तराफ्यावर चढवून पैलतीरी नेली जातात. अंधार पडला की फेरी बंद होते आणि सकाळपर्यंत नदीकाठी थांबावे लागते. हा परिसर इवोक्रामा अरण्याचा आहे. 1989 मध्ये क्वालालंपूर येथील राष्ट्रकुल परिषदेत गयानाचे राष्ट्राध्यक्ष डेस्मंड हॉइट यांनी सुमारे 3 लाख 71 हजार हेक्टर अरण्य जगाच्या अभ्यासासाठी देऊ केले. 1996 च्या कायद्याने त्याची व्यवस्था ठरली. अरण्याचा एक भाग पूर्णतः अस्पर्शित ठेवायचा आणि दुसऱ्या भागाचा मर्यादित, विचारपूर्वक उपयोग करायचा, अशी ही योजना आहे. येथे झाडांच्या शेंड्यांमधून जमिनीपासून सुमारे 30 मीटर उंचीवर 154 मीटर लांबीचा झुलता मार्ग बांधलेला आहे. पहाटे त्यावर उभे राहिले की पायाखाली धुके असते आणि दुरून लाल माकडांची गर्जना ऐकू येते. प्रथम ऐकणाऱ्यास ती एखाद्या मोठ्या श्वापदाचीच वाटते.

मग एका वळणावर झाडी अकस्मात संपते. समोर सोनेरी गवत, पुरुषभर उंचीची वारुळे, मधूनच ताडासारख्या झाडांच्या रांगा आणि क्षितिजावर निळे डोंगर.

पाहुण्याने परवानगी घ्यावी

हा माळ ओसाड नाही. उत्तरेस मकुशी, दक्षिणेस वापिशाना आणि त्याहूनही खाली, अरण्याच्या गाभ्यात, वाय-वाय लोकांची गावे आहेत. प्रत्येकाची भाषा निराळी. 2006 च्या आदिवासीविषयक कायद्यानुसार त्यांच्या गावाच्या भूमीत प्रवेश करण्यापूर्वी बाहेरच्या माणसाने ग्रामपरिषदेची परवानगी घ्यावी लागते. मोकळा माळ पाहून ‘येथे कोणाचेच काही नाही’ अशी समजूत करून घेणाऱ्याला हा नियम पहिलाच धडा देतो. सुरामासारख्या मकुशी गावांनी पर्यटनाची व्यवस्था स्वतःच उभी केली आहे. वाटाड्या गावचा, स्वयंपाक गावचा आणि उत्पन्नाचा विनियोगही गाव ठरवते.

गावात पाऊल टाकताच कसावा या कंदाशी ओळख होते. कडू कसाव्यात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. तो तसाच खाल्ला तर जिवावर बेतू शकते. स्त्रिया तो किसतात आणि वेताने विणलेल्या लांबट नळीत भरतात. या नळीला ‘मटापी’ म्हणतात. ती टांगून खालून ताणली की आवळली जाते आणि विषारी रस गळून पडतो. उरलेल्या पिठाची भाकरी करतात किंवा ते भाजून रवाळ ‘फरीन’ बनवतात. गळालेला रसही वाया जात नाही. दीर्घकाळ उकळल्यावर त्यातील विष निघून जाते आणि काळसर, दाट पाक उरतो. तो अन्न टिकवण्यासाठी वापरतात.

मराठी वाचकाला हा कंद परका नाही. आपल्याकडे उपवासाला चालणारा साबुदाणा याच झाडाच्या पिठाचा. खिचडीत घातल्या जाणाऱ्या शेंगदाण्यांचे मूळही दक्षिण अमेरिकेतच आहे. सागर ओलांडून आलेल्या या जिनसा आपल्या घरात इतक्या रुळल्या, की त्या कोणी प्रथम लावल्या, निवडल्या आणि खाण्याजोग्या केल्या, याचा विचार सहसा मनात येत नाही. ती माणसे दक्षिण अमेरिकेतील अशाच आदिवासी समाजांतील होती.

शिकार सोडून मोजणी

रुपुनुनीच्या तळ्यांत अरापाइमा नावाचा मासा राहतो. गोड्या पाण्यातील जगातील सर्वांत मोठ्या माशांपैकी तो एक; त्याची लांबी तीन मीटरपर्यंत जाऊ शकते. त्याला हवेतून श्वास घ्यावा लागतो, म्हणून तो थोड्या-थोड्या वेळाने पाण्यावर येतो. हीच त्याची दुर्बलता ठरली. पृष्ठभागावर आलेल्या माशावर भाला फेकणे सोपे होते, आणि ब्राझीलमध्ये त्याला गिऱ्हाईक होते. कायद्याची बंदी कागदावर राहिली आणि संख्या झपाट्याने घटली.

ब्राझीलमधील कोळ्यांच्या अनुभवातून एक पद्धत पुढे आली होती. अनुभवी कोळी काठावर बसून, श्वासासाठी वर येणाऱ्या माशाच्या हालचालीवरून आणि आवाजावरून एकेक मासा ओळखतो आणि मोजतो. 2001 च्या सुमारास रुपुनुनीतील कोळ्यांनी ही पद्धत शिकून घेतली. उत्तर रुपुनुनीतील गावांनी 1996 मध्ये स्थापन केलेल्या विकास मंडळामार्फत माशाच्या रक्षणाची योजना आखली गेली. ज्या चिन्हांवरून पूर्वी भाला नेमका फेकला जाई, त्याच चिन्हांवरून आता गणना होऊ लागली. कोळ्यांची विद्या तीच राहिली. तिचा उपयोग बदलला.

कारानांबू येथील डायान मॅकटर्क यांनीही आयुष्याची अनेक वर्षे अशाच कामाला दिली. आई गमावलेली किंवा पाळण्यासाठी पकडलेली महाकाय पाणमांजराची पिले त्या वाढवत आणि नदीत परत सोडत. या प्राण्याच्या गळ्यावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे निराळे असतात. त्यांवरून एकेकाला ओळखता येते. त्यांचे 2016 मध्ये निधन झाले.

तेथील तळ्यांत सायंकाळी गयानाचे राष्ट्रीय पुष्प उमलते. या कमलिनीची पाने दोन मीटरहूनही रुंद होतात. पहिल्या संध्याकाळी फूल पांढरे असते. सुगंधाने ओढलेले भुंगेरे आत शिरतात आणि फूल मिटते. संस्कृत सुभाषितातील कमळात कोंडलेल्या भुंग्याचे पुढे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. तेथे हत्तीने कमळच उपटले. येथे दुसऱ्या संध्याकाळी फूल गुलाबी होऊन पुन्हा उघडते आणि परागकणांनी माखलेला भुंगेरा सुखरूप बाहेर पडतो.

माळावर पहाटे भेटणारा महाकाय मुंगीखाऊही पाहण्याजोगा. शेपटीसह सुमारे दोन मीटर लांबीचा हा प्राणी वारुळाला नखाने भोक पाडतो, क्षणभर जीभ घालतो आणि पुढच्या वारुळाकडे निघून जातो. सैनिक मुंग्यांच्या चाव्यांमुळे त्याला फार वेळ थांबता येत नाही. पण त्यामुळे वारूळ उद्ध्वस्त होत नाही आणि त्यालाही पुन्हा तेथे यायला जागा राहते.

जाण्यापूर्वी

प्रवासास सप्टेंबर ते एप्रिल हा काळ सामान्यतः सोयीचा. गयाना पीतज्वराच्या क्षेत्रात मोडत असल्याने प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लस घेऊन तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. ते नसल्यास भारतात परतताना विलगीकरणात राहावे लागू शकते. हिवतापाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एका अमेरिकी डॉलरला दोनशेहून अधिक गयानी डॉलर मिळतात. लेथम सोडल्यावर जवळ रोख रक्कम असणे हिताचे.

भोजनाची चिंता किनाऱ्यावर फारशी नाही. 1838 मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ या जहाजांतून भारतीय मजूर प्रथम येथे उतरले, आणि 1917 पर्यंत सुमारे 2 लाख 39 हजार भारतीय आले. त्यांच्या वंशजांच्या घरी आणि उपाहारगृहांत रोटी, डाळ, भोपळ्याची भाजी आणि दालपुरी मिळते. माळावरील गावांत मात्र शाकाहाराची सूचना आधीच द्यावी. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी तेही स्पष्ट सांगावे. भात, घेवडा, भोपळा, केळी आणि शेंगदाणे यांवर व्यवस्था होऊ शकते.

रुपुनुनी आहे तशी राहीलच असे नाही. गयानाच्या समुद्रात 2015 मध्ये तेलाचा मोठा साठा सापडला, 2019 च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले आणि देशाच्या हाती अभूतपूर्व पैसा आला. लिंडनपासून पुढचा रस्ता पक्का करण्याचे काम हाती घेतले गेले आहे. कुरुपुकारीला पूल बांधण्याचाही विचार आहे. लेथमजवळ तकुतु नदीवरचा पूल 2009 पासून ब्राझीलशी जोडतो. पक्का रस्ता झाल्यावर आजारी माणूस वेळेत रुग्णालयात पोहोचेल, मुलांना शिक्षणासाठी जाता येईल, शेंगदाण्याला बाजार मिळेल. ते गावकऱ्यांना हवेच आहे. पण त्याच रस्त्याने लाकूड, सोने आणि जमीन शोधणारेही येतील, आणि त्यांच्यापैकी किती जण ग्रामपरिषदेच्या दाराशी थांबतील, याची काळजी गावांना आहे.

आज मात्र रात्र पडल्यावर कुरुपुकारीला पोहोचलेल्या साऱ्यांनाच थांबावे लागते. काठावर झोळ्या बांधल्या जातात, नदीचा आवाज चालू राहतो आणि उजाडेपर्यंत कोणीही पुढे जात नाही.