दोष प्रोग्रामचा की यंत्राचा?

मोठा प्रोग्राम 'कंपाइल' होत असताना, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होत असताना, काम अचानक बंद पडते. पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट' किंवा 'सिग्नल ११' असा संदेश उमटतो. पहिला संशय साहजिकच प्रोग्रामरवर जातो. पण दोष यंत्राचाही असू शकतो.

तो ओळखण्याची पहिली कसोटी सोपी आहे. काहीही न बदलता तेच काम पुन्हा करून पाहावे. सॉफ्टवेअरमधील चूक सहसा त्याच जागी पुन्हा प्रकटते. काम दर वेळी वेगळ्या फाइलवर अडत असेल आणि एखादे वेळी निर्विघ्न पार पडत असेल, तर संशयाची सुई हार्डवेअरकडे वळते. कंपायलर प्रोसेसर आणि मेमरी यांना दीर्घकाळ राबवतो. मेमरीतील एक बिट उलटला तरी तो भलत्याच पत्त्यावर जाऊन कोसळू शकतो.

२०१७ मध्ये एएमडीच्या नव्या रायझेन प्रोसेसरबाबत हेच घडले. लिनक्सवर एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल करताना काम मध्येच तुटत असे. ऑगस्टमध्ये कंपनीने दोष मान्य केला आणि तक्रारदारांना प्रोसेसर बदलून दिले. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांतही अस्थैर्य आढळले. त्याचे मूळ विद्युतदाबाशी निगडित होते. तेव्हा कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

घरच्या तपासणीचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. ओव्हरक्लॉकिंग केले असल्यास ते बंद करावे. पंख्यांवरील धूळ झाडून तापमान पाहावे. मग 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालवावे. एक जरी चूक दिसली तरी रॅमची एकेक पट्टी लावून चाचणी पुन्हा घ्यावी. चूक न दिसल्यास मात्र रॅम निर्दोष ठरतेच असे नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय हेही संशयित राहतात. एका वेळी एकच भाग बदलावा, अन्यथा दोषी कोण ते कळत नाही.

'पुन्हा चालवले, झाले' असे म्हणून हा प्रश्न सोडून देणे धोक्याचे. कंपायलर निदान कोसळून इशारा तरी देतो. तीच सदोष मेमरी हिशेबातला आकडा किंवा छायाचित्र बिघडवते, तेव्हा कोणताही संदेश उमटत नाही.