पायऱ्या आणि स्नायू

काशीच्या अहिल्याबाई घाटावर पहिल्याच पायरीपासून मांडीवर हात टेकावा लागत असेल, तर दोष बहुधा खुद्द स्नायूंत असतो. आरंभी सहज चढणारे पाय मध्येच उचलेनासे झाले, विसाव्याने पुन्हा चालू लागले, सायंकाळी पापण्या ओघळून एकाचे दोन दिसू लागले, तर मज्जातंतू जेथे स्नायूला भिडतो त्या संधिस्थानाचा विचार करावा. पुष्कळदा यास आळस म्हटले जाते! मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीराचेच प्रतिपिंड तेथे येणाऱ्या संदेशाची वाट अडवितात. क्यूरारे या बाणविषाची लक्षणे अशीच, हे जाणून १९३४ साली डॉ. मेरी वॉकर यांनी त्या विषाचा उतारा, फायसोस्टिग्मिन, टोचून पाहिला. रुग्णाची शक्ती काही काळ परतली. आज त्याच जातीचे पिरिडोस्टिग्मिन देतात, जोडीला स्टेरॉइडे. काहींची थायमस ग्रंथी काढतात. मात्र गिळताना ठसका लागून श्वास अपुरा पडू लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.